चोर जातीची बाई

"पदर झटक."

हेडमास्तर एवढंच म्हणाले. अख्ख्या वर्गासमोर. त्यांचं फाउंटन पेन हरवलं होतं. शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारख्या आणखीही बाया होत्या, त्यांना ते अहो-जाहो करत. झडती मात्र माझ्या एकटीची.

मी पदर झटकला. डबा उघडला. भाकरीसुद्धा उलटी करून दाखवली. पुढं बसलेली एक मुलगी फिसकन हसली. पेन काही निघालं नाही. ते कुठं गेलं, मला आजही ठाऊक नाही.

हेडमास्तरांनी उपरणं सावरलं. म्हणाले, "मी जात मानत नाही. पण रक्त कुठं जाणार?"

हे गृहस्थ समाजसुधारणेवर भाषणं ठोकायचे. टाळ्या घ्यायचे.

मी कैकाड्याची. टोपल्या, कणग्या विणणारी आमची जात. इंग्रज सरकारनं सगळ्या जातीलाच गुन्हेगार ठरवलं आणि सोलापुरात तारेच्या कुंपणात आणून कोंडलं. पाळण्यातलं पोरही गुन्हेगार. बाप मिलमध्ये राबायचा, बाहेर पडायला पास मागायचा. मी कुंपणातल्याच शाळेत शिकले, सातवीची फायनल पास झाले, शहरातल्या या मुलींच्या शाळेत लागले. दिवसा मी मुलींची हजेरी घ्यायची. संध्याकाळी फाटकावरचा शिपाई माझी घ्यायचा.

त्या दिवशी घरी आले तर बाप टोपलीचं बूड विणत बसला होता.

"उद्यापासनं मी जाणार न्हाय."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मान वर केली नाही. "जा की गप. अशी नोकरी कुटं मिळायची? झडतीची आपल्याला सवय हाय."

हेडमास्तरांची किळस आली होतीच. या सवयीची जास्त आली.

"मला न्हाय सवय," म्हटलं. त्या शाळेची पायरी पुन्हा चढले नाही.

काही महिने मिलमध्ये सूत गुंडाळलं. मग कळलं, कॅथलिक सिस्टरांच्या शाळेला मराठी शिकवायला बाई मिळत नाही. शहरातल्या शिकलेल्या बायांना तिथला पगार चालत होता. बाकांवर बसलेली महारामांगांची पोरं चालत नव्हती.

मी गेले. शाळेची मुख्य मदर, गोरी, उंच. तिनं विचारलं, "तू बाप्तिस्मा घेणार?"

"आधी शिकवून बघते."

ती हसली. खुर्ची दिली. माझ्या हातचं पाणी प्यायली. वाटलं, सुटले.

कसली सुटते! एक दिवस विलायतेहून पाहुणे आले. शाळेला मदत करणारे, म्हणजे हात जोडून ज्यांचे आभार मानायचे ते. मदरनं मला वर्गातून बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत बोलू लागली. चोर या अर्थाचा इंग्रजी शब्द मला कळत होता. तो पुन्हा पुन्हा आला. पाहुण्यांतली एक बाई गहिवरली.

मदर माझ्याकडं वळली. "मॅडम विचारतात, तुझा बाप काय चोरत होता?"

प्रेमानं विचारलं. लहान पोराला नाव विचारावं तसं.

"टोपल्या विणत होता," मी म्हणाले. "आता त्यांना विचारा, त्यांचा बाप काय चोरत होता?"

मदर लालबुंद झाली. तिनं ते इंग्रजीत सांगितलंच नाही. पाहुणे हसतच राहिले. त्यांना वाटलं, मी आभार मानले.

ते गेल्यावर मदर म्हणाली, "आम्ही तुला वर काढलं. क्षमा माग."

"मी माझ्या पायांनी चालत आले, मदर. पगार शिकवायचा घेते."

"क्षमा माग."

"न्हाय."

तिनं मला काढलं नाही. दुसरी बाई मिळणार नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं. खांद्यावरचा हात तेवढा गेला. बरं झालं.

एकानं चोर म्हणून झडती घेतली, दुसरीनं चोर म्हणून जवळ घेतलं. मी चोर नसले तर दोघांचाही चांगुलपणा उघडा पडतो.

आता पाहुणे आले की मी फळ्याकडं तोंड करून शिकवत राहते. बोलावलं तरी जात नाही. ज्याला मला बघायचंय त्यानं मागच्या बाकावर, महारामांगांच्या पोरांच्या शेजारी बसावं, आणि माझा धडा संपेपर्यंत तोंड उघडू नये.