चाकामागचं हलकं काम

माझ्या जीपला हँडब्रेकचा दांडा होता. ओढला की कर्रर्र असा भरवशाचा आवाज यायचा. फक्त त्या दांड्याला तार नव्हती. गाडी पासिंगला न्यायची होती तेव्हा जव्हारच्या मिस्त्रीने तो कुठल्याशा भंगारातल्या गाडीचा काढून माझ्या गाडीच्या तळाला बोल्टने आवळला होता. तपासणाऱ्या साहेबांनी तो ओढून पाहिला, आवाज ऐकला आणि सही केली. गाडी उतारावर उभी करून पाहावी असं त्यांना वाटलं नाही. मीही सुचवलं नाही. मी मुळात कमी बोलणारा माणूस, आणि लोक त्याला माझा चांगुलपणा समजत आले आहेत.

गाडी जुनी, चारही चाकं ओढणारी. उन्हाळ्यात मागे प्लॅस्टिकची टाकी बांधून मी पाण्याच्या ठेकेदाराकडे लावायचो. मोठा टँकर डांबरी रस्ता सोडत नाही. मोखाड्याच्या बाजूला एक पाडा आहे, तिथे शेवटचा चढ असा की माझ्यासारखीच गाडी चढते. पाड्याचं नाव सांगत नाही. चूक पाड्याची नव्हती.

तिथे सपाट जागाच नाही. गाडी चढावर तोंड वर करून उभी राहायची आणि बायका मागच्या नळावर हंडे भरायच्या. इंजीन बंद करायची सोय नव्हती, कारण स्टार्टरचा भरवसा नव्हता आणि तिथे बंद पडली तर धक्का द्यायला पुरेसे पुरुष नसायचे. ते वाडा-भिवंडीकडे कामाला गेलेले. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये, इंजीन चालू आणि ब्रेकवर माझा पाय. टाकी रिकामी होईपर्यंत मी तसाच बसायचो. बसण्याआधी दांडा मात्र न चुकता ओढायचो. मोठ्याने. मागच्या बायकांना ऐकू जावा म्हणूनच ओढायचो, हे आता लिहून टाकतो.

शिवाय मागच्या चाकाला दगड असायचा, आणि त्या दगडापाशी एक बाई.

टाकी रिकामी होऊ लागली की गाडी थोडी वर उचलते, चाक जरा सरकतं, दगड ढिला होतो. तो परत आत रेटायला कुणीतरी चाकामागे बसावं लागतं. हे काम पाड्याने आपसात ठरवून एका बाईला दिलेलं असायचं. जिला हंडा उचलवत नाही तिला. तापातून उठलेली, हात मोडलेली, पोटुशी. तिने फक्त बसायचं, दगड सांभाळायचा, आणि बाकीच्या बायका तिच्या घरचे हंडे भरून पोचवायच्या. एकमेकींवर त्यांनी केलेली ही माया होती. हलकं काम म्हणायच्या त्याला. पाण्याने भरलेली गाडी उतारावर, तिच्या मागे पोटुशी बाई, आणि हे म्हणे हलकं काम! मी आरशात बघायचो. आरशात तिचं डोकं दिसायचं. मी आरसा थोडा बाहेरच्या बाजूला वळवला होता.

त्या उन्हाळ्यात दगडावर एक कोवळ्या वयाची सून होती, पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले. तिची सासू नळावर हुकूम सोडत असायची. मला म्हणायची, “डायवरदादा, जरा खाली उतर की! शिटाला चिकटलास काय?”

“ब्रेकवर पाय आहे, काकी.”

“मंग तो दांडा कशाला वढतोस?”

“तोही लागतो,” मी म्हणायचो.

एके दिवशी माझ्या पोटरीत गोळा आला. पाय आपोआप उचलला गेला. गाडी वीतभर मागे गेली असेल, दगड करकरत सरकला, आणि मी पुन्हा पाय दाबला. मागे आरडाओरडा. मग हशा. त्या पोरीच्या लुगड्याचं टोक चाकाखाली गेलं होतं आणि ती दोन्ही हातांनी ते ओढत होती, स्वतःही हसत.

“गाडीनं पदर धरला गं हिचा!”

“डायवरदादा, आता नवा लुगडा घेऊन दे!”

मीही हसलो. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते. गाडी थोडी पुढे घेऊन लुगडं सोडवलं. तिने फाटकी कड हातात गोळा केली आणि पुन्हा दगडापाशी बसली.

ठेकेदाराला सांगितलं, हँडब्रेक बसवायचा आहे, गाडी दोन दिवस उभी राहील.

“दोन दिवस पाणी बंद? बायका हंड्यानं हाणतील तुला.”

“शेठ, मागे पोटुशी बाई बसते.”

“मग बसवू नका ना तिला! मी सांगितलं का बसवायला? दोन वर्षं चाललं, आताच काय झालं?”

चीड कुणाची यावी हेच कळेना. कारण दोन वर्षं चाललं हे खरंच होतं, आणि ते मीच चालवलं होतं. पावसाळ्यात सवड असते तेव्हा गाडी अंगणात उभी होती. तेव्हा मी छताचं कापड बदललं, पुढे नवे दिवे लावले. हँडब्रेक नाही लावला. खरं कारण लिहितो: ब्रेक नव्हता तोवर मला उतरावं लागत नव्हतं. पाय ब्रेकवर आहे म्हटलं की हंडा उचलायला कुणी बोलवत नाही, आणि कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

शेवटी शेठचं न ऐकता गाडी जव्हारला नेली. मिस्त्रीने तळाला बघितलं आणि दांडा ओढला. “अरे, हा तर मीच ठोकला होता. अजून काय झकास वाजतोय!”

मी त्याच्यावर असा ओरडलो की शेजारच्या चहावाल्याने बाहेर येऊन बघितलं. मिस्त्री शांतपणे म्हणाला, “माझ्यावर काय ओरडतोस? तू बोललास पासिंगपुरता लाव. मी पासिंगपुरता लावला.”

त्याने काम मात्र नीट केलं. गिअरपेटीच्या मागे, चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर ब्रेकचा ड्रम बसवला, नवे लायनर घातले, खरी तार ओढली, जाताजाता स्टार्टरही दुरुस्त केला. जव्हारजवळच्या शिरपामाळच्या उतारावर पाण्याची टाकी भरून गाडी उभी केली, दांडा ओढला, उतरलो आणि मागे जाऊन चाकाकडे पाठ करून उभा राहिलो. गाडी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी पाड्यावर पोचलो. दांडा ओढला, पाय काढला आणि खाली उतरलो. बायका हंडे घेऊन जागच्या जागी थांबल्या. मी त्या पोरीला म्हणालो, “ऊठ, बाई. आता दगड नको. नवा ब्रेक बसवलाय.”

ती उठली नाही. तिने सासूकडे पाहिलं. सासू माझ्याकडे बघत म्हणाली, “दगड नको तर मंग हिला हंडा घ्यायला लागल.”

“का? भरून द्या की तिला.”

“फुकट कोण कुणाला भरून देतं, दादा? टाकी एवढीच. जी वाहील तिच्या घरात पाणी. ही दगडावर बसती म्हणून बाया देतात.” ती वाईट बाई नव्हती. तिने सरळ होतं तेच सांगितलं. पोरीने एका हाताने चाक धरलं आणि उठायला लागली, हंडा घ्यायला.

मला इतका संताप आला, की सांगता येत नाही. जिला मी मरणाच्या तोंडाशी बसवलं, तिची तीच एक बसायची जागा मी आता ब्रेक लावून काढून घेत होतो. हा कुठला न्याय? एका पाड्याला पुरेल एवढं पाणी पोचवायचं कुणाला जमत नाही, आणि आम्ही ब्रेक बसवून स्वतःची पाठ थोपटतो!

मी खोटं बोललो. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “ब्रेक नवा आहे, अजून बसलेला नाही. वर सीटवर कुणीतरी पाय दाबून बसायला हवं. नाहीतर गाडी घसरेल.”

“मंग तू बस.”

“मला खालून बघायला हवं ना, धरतोय का ते. हिला बसवा.”

सासूने जरा वेळ माझ्याकडे रोखून पाहिलं. मग सुनेला म्हणाली, “जा, बस वर. नीट दाब.”

इंजीन मी आधीच बंद केलं होतं. तिला हात दिला, सीटवर बसवलं, ब्रेक दाखवला. मागे येऊन एक हंडा उचलला. खांद्यावर धरता येईना, अर्धं पाणी अंगावर सांडलं. “अंघोळ घरून करून यायची की, दादा!” एक बाई म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. चढ चढताना धाप लागली. त्या पोरीच्या दारातला पिंप भरायला किती खेपा लागतात ते मला त्या दिवशी समजलं.

परत आलो तेव्हा ती मांडी घालून बसली होती. दोन्ही पाय सीटवर.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “पाय काढला तरी गाडी जात नाय.”

“ठाऊक आहे. कुणाला सांगू नकोस. कुणी आलं तर पाय खाली ठेव.”

तिने मान हलवली, मागे टेकली आणि डोळे मिटले. मी दुसरा हंडा घ्यायला नळाकडे गेलो. सासूने तो भरून ठेवलेलाच होता.