आतोबांचा उगवलेला मंच

"खाली उतर! त्या झाडाला खिळा मारशील, तर तोच उपटून तुझ्या कपाळात ठोकीन!"

ओरडणारे होते आमचे आतोबा, आणि ओरडणं ऐकून शिडीवरून घसरला तो मंडपवाला. आतोबांचा आवाज ओरत्तनाडूहून पापनाशमपर्यंत जाई आणि तिथली गाडी त्यावर सुटे, असं मी सांगतो. आत्या म्हणते, वाढवून सांगू नकोस, तंजावूरपर्यंतच जाई. पण सबंध जिल्ह्यात झाडांची परवानगी मागून बांधकाम करणारा हा एकच माणूस होता, यावर तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत कुणाचं दुमत नाही.

सरकारी बांधकाम खात्यात तीस वर्षं पूल आणि शौचालयं आखून ते निवृत्त झाले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या बुडाला पाट ठाऊक नाही. जेवताना केळीच्या पानावर रस्समने नकाशा काढीत, आणि तो वाहून जाण्याआधी उठून जागा मोजायला निघत. टेपचं दुसरं टोक माझ्या हाती. संक्रांतीनंतर ओरत्तनाडूच्या मोहाच्या राईत तीन दिवस गाणं व्हायचं होतं, आणि त्याचा मंडप बांधायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. एका महिन्यात मंचाची जागा अकरा वेळा हलली: एकदा वाऱ्यासाठी, एकदा मुंग्यांच्या वारुळासाठी, आणि एकदा तिथे एक बाई रोज गाय बांधते म्हणून. प्रत्येक झाडाखाली टाळी वाजवून ते कान लावत. "काँक्रीट आवाज तोंडावर फेकतं रे," ते म्हणत, "मोह चावून, मऊ करून परत देतो." मंच मातीचा, छपराला विणलेल्या झावळ्या, बांधायला काथ्या, हात धुतलेलं पाणी चराने केळींना. "चौथ्या दिवशी इथे काही झालं होतं, हे कावळ्यालासुद्धा कळता कामा नये."

पण ती वर्षं अशी, की जो तो कायमचं काहीतरी बांधायला निघालेला. रंगीत टीव्ही विकणाऱ्या मद्रासच्या एका कंपनीने गाण्याला पैसा दिला होता. तिचा टायवाला मॅनेजर राईच्या मालकाला म्हणाला, "सात झाडं काढा सार, सिमेंटचा मंच आम्ही फुकट बांधून देतो." मालक मिरासदार. ते बोलत कमी, पान जास्त खात. पानाची पिंक टाकून ते आतोबांना म्हणाले, "गाण्याची पहिली कच्चेरी तुमच्या मातीच्या मंचावर. गाणाऱ्या बाई तिथे बसून नीट गायल्या तर झाडं तुमची. नाहीतर सोमवारी करवत."

झालं! आतोबांची झोप उडाली. मळणीवरून ताजा पेंढा आणून त्यांनी चिखलात तुडवला, हातभर उंच मंच थापला, आणि तडा जाऊ नये म्हणून गोणपाट टाकून दिवसातून सहा वेळा पाणी शिंपडलं. आत्या म्हणाली, "माझ्या तुळशीला महिनाभर पाणी नाही, आणि चिखलाला पाजताय!" ते थांबले नाहीत. आठव्या दिवशी कच्चेरीच्या सकाळी गोणपाट उचललं, तर मंच हिरवागार! पेंढ्यात राहिलेले दाणे रुजून बोट-बोट भाताची रोपं डुलत होती. भातावर जगणारा आमचा मुलूख, पण पेंढा झटकून घ्यायचं एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं. मला तर नाहीच.

"फावडं आणा!" मॅनेजर ओरडला. फावडं आलं आणि त्याच वेळी गाणाऱ्या बाईंची गाडीही आली. सत्तरीच्या बाई, नाकात दोन्हीकडे हिऱ्याच्या चमक्या. त्यांनी मंच पाहिला आणि हात वर केला. "अय्यो, थांबा. लग्नात अंकुरांच्या पालिका मांडतो आपण. वाडग्यात उगवलेलं धान्य, देवासारखं. त्याच्यावर कुणी फावडं घालतं का? आणि बसतं का कुणी?" असं म्हणून त्या मंचासमोर जमिनीवर चटई टाकून बसल्या. माइकच्या तारा मंचापाशीच संपत होत्या, बाईंपर्यंत पोचेनात, म्हणून तीनशे माणसं खुर्च्या सोडून पुढे सरकली आणि मातीत मांडी घालून बसली. बाई दोन तास गायल्या. मोहाने एकही स्वर गिळला नाही. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

टाळ्या संपल्या. मॅनेजर मालकाच्या कानाशी लागला, "बघा सार, मंच वापरलाच नाही. अट मोडली." खोटं काहीच नव्हतं त्यात. आतोबा त्या सात झाडांमधून फिरत होते, एकेका खोडावर तळवा ठेवून पुढे जात होते. पाहुण्यांना स्टेशनावर सोडायला आलेला माणूस डबा हलेपर्यंत खिडकीचा गज धरून ठेवतो, तसे. टेप माझ्या हातात तशीच लोंबत होती. शेवटी ते मालकासमोर आले. माझ्या सबंध आयुष्यात तेवढा बारीक आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता.

"मग, झाडांचं काय?"

मालकांनी पान गालात सरकवलं. "राहू देत. भात पिकलं की कापून न्या."