अळूचं पान आणि एक बादली

बादलीची कडी काठावर आपटते ना, खण्णकन, तो आवाज आजही कुठं ऐकला की अंबडचं ते मुलींचं वसतिगृह डोळ्यांपुढं येतं. तिथं मी वॉचमन होतो. सकाळी बंब पेटवायचं कामही माझंच. एकेक किस्सा असा साचत गेला, की आठवून हसू येतं आणि लगेच मान खाली जाते. त्यातले बरेचसे वंदनाचे.

वंदना धावड्याची. केस कुरळे आणि इतके दाट, की कंगव्याचे दात मोडायचे. केस धुवायला मुली अंगणातल्या हौदापाशी बसत. वंदनानं डोक्यावर तांब्या ओतला, की पाणी आत शिरायचंच नाही, वरच्यावर घरंगळून जायचं. पहिल्याच आठवड्यात जाफराबादची पुष्पा ओरडली, "काका, बघा की! हे डोकं हाय का अळूचं पान?"

तेव्हापासून तिचं नाव अळू.

तेलाचंही तेच. आई गावाहून खोबरेल पाठवायची. ते मुरायचं नाही, नुसतं केसांवर बसायचं. मग उशीला, ओढणीला, वहीला. कॉलेजात वही तपासताना सरांनी विचारलं, "यात भजी बांधून आणली होती का?"

वर्ग हसला. वंदना दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलीच नाही. माझ्या खुर्चीजवळ पायरीवर बसून म्हणाली, "काका, मायला काय सांगू? ती तेल पाठवून राह्यली, अन् मला लाज वाटून राह्यली."

माझी शाळा चौथीपर्यंतची. मी तिला चहा दिला.

सल्ले तर विचारूच नका! मेथी झाली, दही झालं, मुलतानी माती झाली. शेवटी कुणीतरी अंडं सांगितलं. वंदनानं अंडं डोक्याला चोपडलं आणि बंबाचं पाणी मागितलं. मी चांगलं कढत दिलं. तिनं ओतलं, आणि अंडं केसांतच शिजलं!

पुष्पा म्हणाली, "काका, मीठ-मिरची आणा जल्दी!"

सगळ्या हसल्या. वंदनाही हसली. मग दुपारभर ती एकटीच उन्हात बसून केसांतले पांढरे-पिवळे कण वेचत होती. पाणी मीच दिलेलं. मी तिकडं फिरकलो नाही.

उपाय सापडला तो आमच्या मंडळींना. ती तिथंच स्वयंपाकाला होती. म्हणाली, "गार तव्यावर भाकर भाजती का? आधी डोकं तापव, पोरी!" तिनं गरम पाण्यातून पंचा पिळून वंदनाच्या डोक्याला गुंडाळला. वाफ लागली तसे केस भिजायला लागले. बोटभर तेलही मुरलं! त्या दिवशी वंदना केस मोकळे सोडून उगाच सगळ्या खोल्यांतून फिरून आली.

मग तो उन्हाळा आला. पाणी टँकरचं, बंब बंद. केस धुवायला आठवड्याला एकच बादली. गार पाण्यानं वंदनाला एक बादली नुसती भिजायलाच लागायची. ती दोन घेते, म्हणून पुष्पानं रेक्टरबाईंकडं तक्रार केली.

बाई म्हणाल्या, "एका बादलीत भागव. नाही भागलं तर केस कापून टाक, नाहीतर सामान बांध. रविवारी माझ्यासमोर धुऊन दाखव."

गावी गेली असती तर कॉलेज संपलंच होतं. आणि केस कापायचं नाव काढलं, की ती दोन्ही हातांनी डोकं धरायची.

रविवारी सगळ्या मुली अंगणात उभ्या. मधे वंदना उकिडवी बसलेली. ती तांब्यावर तांब्या ओतत राहिली, पाणी घरंगळत राहिलं. कसेबसे केस भिजले. तिनं शाम्पू लावला, फेस आला, आणि तांब्या बादलीच्या तळाला खडखडला. रिकामी! फेस कपाळावरून डोळ्यांत उतरला. ती डोळे मिटून तशीच बसली. कुणी हसलं नाही. बाईंनी घड्याळ बघितलं. मी विझलेल्या बंबाकडं बघत होतो.

तेवढ्यात कडी वाजली. पुष्पा आपली आठवड्याची भरलेली बादली दोन्ही हातांनी ओढत आली. वंदनाच्या गुडघ्यापाशी ठेवली. तिचा हात धरून पाण्यात बुडवला, आणि खोलीकडं निघून गेली.