खुब्याचं रक्त

धाडच्या ढोरांच्या दवाखान्यातल्या ड्रेसरनं मला फसवलं. हे आधी लिहून ठेवतो, मग त्याचे गुण सांगतो.

जनावर पुढं आणलं की तो आधी मालकाकडं बघायचा, मान एका बाजूला करून. मग निदान ठरलेलं. "जवान हाये. रक्त भरून काढते." म्हातारा बैल आला, तर "मनानं जवान हाये." दवाखान्याच्या पाटीवर तेव्हा नुकतंच 'महाराष्ट्र' रंगवलं होतं, आत तो जुनाच होता. डॉक्टर महिन्यातून एकदा बुलढाण्याहून यायचे. बाकीचे दिवस खुर्चीत हा मलमपट्टीवाला.

माझं पाच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू मिरचीच्या पोत्यांच्या थप्पीवरून पडलं आणि मागचा पाय उचलून चालू लागलं. ड्रेसरनं खुब्यावर बिब्ब्याचे ठिपके दिले. "आता रोज पयवत जा त्याले, शेठ. रक्त खाली उतरते."

मी मिरचीचा व्यापारी, पोत्यात देठ किती यावरून अर्धा दिवस भांडणारा माणूस. याच्यापुढं मुकाट मान डोलावली. वीस दिवस देऊळघाटच्या रस्त्यानं मी सायकलवर पुढं, पिल्लू तीन पायांवर मागं. मांडी सुकत चालली होती, तरी ते शेपूट हलवत यायचं.

दाखवायला नेलं की तो स्वतःच्या भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून पिल्लाला भरवायचा. मला कधी पाणीही विचारलं नाही.

डॉक्टर आले. त्यांनी पाय फिरवून पाहिला तसं पिल्लू कळवळलं. ते म्हणाले, लहान कुत्र्याच्या खुब्यातल्या हाडाच्या गोळ्याला केसासारख्या बारीक शिरा रक्त पुरवतात. या शिरा हाडाच्या मानेवरून, बाहेरून वर चढतात. पडताना त्या तुटल्या की गोळा उपाशी मरतो, आणि त्यावर भार दिला की ढासळतो.

"याला बांधून ठेवायचं होतं. पळवलं कुणी?"

मी ड्रेसरकडं पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "म्या रक्ताचंच दुखणं सांगतलं होतं ना, शेठ. तेच निंघालं."

पुढच्या महिन्यात त्याची मेहकरला बदली झाली. निघताना तो पिल्लाजवळ बराच वेळ बसला आणि माझ्याशी न बोलता एसटीत चढला. कुत्रं त्यानंतर नऊ वर्षं तीन पायांवर जगलं.

सायकल मी चालवली, हे मान्य. पण मेहकरच्या बाजूला तो तुम्हाला कुठं भेटला, तर धरून विचारा: कळत नव्हतं, तर 'मले नाही समजत' एवढं म्हणायला त्याचं काय जात होतं? उत्तर मला त्याच्याच तोंडून पाहिजे.