मुलांच्या संग्रहालयाचा पहिला दिवस

मंडळी, आजचं आजच वाचनालयाच्या या फळ्यावर लिहितो आहे.

मुलांना वस्तू हातात घेऊन पाहता येतील असं संग्रहालय बेलापूरला हवंच, या माझ्या भाषणाला मैदान भरलं होतं. आज ते उघडलं. दुपारपर्यंत संग्रहालयाच्या खोलीत मी एकटाच बसलो होतो.

मग एक शेतकरी बाई मुलीला घेऊन आल्या. "मास्तर, भाषान कवा हाय?"

"आज भाषण नाही. पोरीला भिंग हातात घेऊ द्या."

"अन् फुटलं म्हंजी?"

"फुटू द्या."

मुलीनं भिंगातून बाजरीचा दाणा पाहिला आणि आईला ओढलं. दोघी डोक्याला डोकं लावून पाहत राहिल्या. मी तिथे आहे हेही विसरल्या.

त्या गेल्यावर खोली पुन्हा रिकामी झाली.

तुम्ही मला ऐकायला आलात. उद्या मुलांना घेऊन याल का? मी एक शब्दही बोलणार नाही.