किकवर हातोडा नाही

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे कोणत्या गाडीचे ते न आठवणारे नटबोल्ट, आणि दुसरे किस्से. नटबोल्ट मी डब्यात टाकतो, किस्से मात्र तोंडात येतात आणि तिथंच अडकतात, कारण मी बोलतो फार हळू. माझं वाक्य पुरं होईपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जातं! म्हणून म्हटलं, लिहून काढावं. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा चुका पोटात घाला.

माझं गॅरेज रायपूरला, गुढ़ियारीत. वडील भंडाऱ्याहून रेल्वेत खलाशी म्हणून इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. रायपूर राजधानी झालं, नवी ऑफिसं आली, तशा मोटारसायकली इतक्या वाढल्या की आमच्या ओळीत एकाची सात गॅरेजं झाली. त्या सातांत माझा नियम एकच. किकवर हातोडा मारायचा नाही!

क्लच प्लेटा बदलायच्या तर आधी किकचा दांडा काढावा लागतो, आणि तो गंजून बसलेला असतो. लोक मागून हातोडा हाणतात. दांडा निघतो, पण आतलं ऑइल सील फुटतं. मी डिझेल सोडतो, बसतो, थोडं हलवतो, पुन्हा बसतो.

एकदा बीरगांवहून एक बाई भावाची गाडी ढकलत घेऊन आली. तिकडे कारखान्यांची काळी धूळ, त्यामुळे किक अशी बसलेली की जणू एकाच लोखंडाची. नाव रमशीला, वय तिशीचं. नवऱ्यानं सोडलेली, भावाकडे राहायची. मी डिझेल सोडून बसलो. तीही समोर विटेवर बसली. तासाभरानं मी पेचकसाचं चपटं टोक घालून दांड्याची फट जरा उघडली आणि दांडा हातात आला.

ती म्हणाली, “कका, घंटा भर ले तैं कुछु नइ करे अस, अउ किक निकल गे! अतका काम त महूँ कर सकथँव.”

तासभर तू काहीच केलं नाहीस अन् किक निघाली, एवढं काम तर मीही करीन! चाळीस वर्षांत माझ्या कामाची इतकी खरी तारीफ कुणी केली नव्हती. म्हटलं, “उद्या ये.”

ती खरंच आली!

समोरच्या गॅरेजचा मुन्ना ओरडला, “कका, गॅरेज है कि महिला समिति?” सारी ओळ हसली. मुन्नाचा हात वेल्डिंगवर चांगला, आणि जिभेवर त्याहून चांगला. रमशीला खाली मान घालून प्लग पुसत राहिली. संध्याकाळी हात धुताना मला एवढंच म्हणाली की आधी कामाला होती त्या कारखान्यात तिला ‘ए बाई’ म्हणत, घरी ‘छोड़ी हुई’ म्हणतात. “मोला मिस्त्री कहवाना हे, कका. बस.”

मी म्हटलं, “मी म्हणतो ना तुला मिस्त्री.”

“तोर कहे ले नइ होवय!”

खरंच होतं, माझ्या म्हणण्यानं होत नाही. आमच्या ओळीत पक्क्या कारागिराचं हे नाव शेजारचा देतो, आपला माणूस नाही.

पहिल्याच महिन्यात तिला एक किक एकटीला दिली. दुपारभर ओढत होती. घामानं भिजली, पण हातोड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गडबड एवढीच होती की बोल्ट तिनं सैल केला होता, पुरता काढला नव्हता. तो आतल्या शाफ्टच्या खाचेत अडकतो. तो बाहेर आल्याशिवाय देव आला तरी किक निघत नाही. चार वाजता तिचं तिलाच सुचलं. बोल्ट काढला, दांडा सरकला, आणि ती माझ्यावर उसळली.

“कका, तैं जानत रहे?”

“हो.”

“त बताए काबर नइ?”

“तू विचारलं काहून नाही?”

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण त्यानंतर तिच्या हातून बोल्ट कधी आत राहिला नाही.

विश्वकर्मा पूजेला आमच्या ओळीत एक रीत आहे. प्रत्येक मिस्त्री आपला एक पाना देवापुढं ठेवतो. हेल्परचा पाना ठेवत नाहीत. रमशीलानं आपला दहा-अकराचा पाना चिंचेनं घासून आणला होता, चकाचक. मुन्नानं तो दोन बोटांनी उचलून परत तिच्या हातात दिला. “दीदी, ये मिस्त्री लोगों का है.” शब्द गोड होते. तिनं पाना पदरात गुंडाळला आणि सगळ्यांना प्रसाद वाटला. मुन्नाला दोनदा दिला! मी माझा पाना उचलून घ्यायला निघालो, तर तिनं डोळ्यांनीच मला खाली बसवलं.

ब्राह्मणपाऱ्यातले एक साहेब, आपलेच मराठी, गाडी घेऊन आले. “काका, बाईमाणसाच्या हाती गाडी देत नसतो मी. तुम्हीच काढा किक.”

“बरं,” म्हटलं. माझं आता वय झालं. पाना बोल्टवर बसवायलाच मला पाच मिनिटं लागली. साहेबांनी पेपर वाचला, घड्याळ पाहिलं, पेपर पुन्हा वाचला.

“अजून किती वेळ लागंल?”

“दुपार होईल.”

“अन् ह्या बाईला दिली तर?”

“पंधरा मिनिटं.”

“मग मले काहून बसवून ठेवलं हो?”

“तुम्हीच म्हणाले ना!”

रमशीलानं पंधरा मिनिटांत किक काढली. जाताना साहेब तिला ‘ताई’ म्हणाले, नमस्कारही केला. ती हसली. मला मात्र कळलं की हवा होता तो शब्द हा नव्हे.

आमच्या घरी मिक्सरचं भांडं जाम झालं, तेव्हा बायको वरवंटा घेऊन बसली होती. रमशीलानं तिचा हात धरला, गोडं तेल सोडलं आणि म्हणाली, “काकी, अब चाय बनाओ.” चहा झाला, भांडंही निघालं. बायको मला म्हणते, “इतकी वर्सं तुमी किका काढून राहिले, घरी कधी एक झाकण नाही उघडलं!”

आणि परवाची गोष्ट. मुन्नाचा जावई सासुरवाडीला आला, स्वतःच्या मोटारसायकलवर. क्लच सुटलेला. मुन्ना म्हणाला, “दामाद जी, चाय पियो, अभी करता हूँ.” कधीतरी कुणीतरी त्या किकला शाफ्टवर वेल्डिंग मारून ठेवलं होतं. कुणी, ते मुन्ना सांगत नव्हता. दोन तास समोरून ठोकण्याचा आवाज येत होता. मग आवाज थांबला. जावयाचा तिसरा चहा झाला.

भर दुपारी मुन्ना गाडी ढकलत रस्ता ओलांडून आला. सारी ओळ काम सोडून पाहत होती. मानेवरून घाम, हातात किकचं फाटलेलं रबर. मी फडक्याला हात पुसले, गुडघ्यावर हात टेकून कसाबसा उभा राहिलो.

“आण इकडं,” म्हटलं.

मुन्नानं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

“आप नहीं, कका,” तो म्हणाला. “मिस्त्री को बुलाओ.”

मी परत बसलो.