बंदेनवाजचं मशीन हँग होतं तेव्हा

सोलापुरात माणूस जन्मला की त्याचं बारसं होतं, आणि जरा मोठा झाला की त्याचा फ्लेक्स होतो. वाढदिवस, निवड, फेरनिवड, हकालपट्टी होऊन पुन्हा निवड, निमित्त काहीही चालतं. विजापूर वेशीतला बंदेनवाज हे फ्लेक्स कॉम्प्युटरवर जुळवून देतो. वर नेते, मध्ये उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांचे चेहरे. कुणाचा चेहरा पुढं आणि कुणाचा मागं, यावरून त्याच्या दुकानात गचांड्या धरलेल्या आहेत.

त्याच्या कॉम्प्युटरचा जीव मात्र एवढासा. चाळीसेक चेहरे बसवले की जागच्या जागी गार! मग बंदेनवाज हात जोडायचा, "साहेब, हँग झालं. आता उद्याच." त्यात खोटं काही नसायचं. गिऱ्हाईक चडफडत जायचं आणि हा शटर ओढून घरी, सहावीतल्या लेकीबरोबर, समराबरोबर कॅरम खेळायला. अब्बा रोज संध्याकाळी घरी असतात, याचा समराला कोण अभिमान!

पण अभिमन्यूदादांचा वाढदिवस आला आणि घोळ झाला. दादा म्हणजे जुळे सोलापूरचे भावी नगरसेवक. भावी होऊन त्यांना तीन निवडणुका झाल्या होत्या. त्यांचा उजवा हात गुरुशांत पेनड्राइव्ह घेऊन आला. "शंभर चेहरे हायत, बंदेभाई. एक बी गळला तर कार्यकर्ता फुटतोय. हे डबडं बदला की!" कॉम्प्युटरच्या दुकानदारानं तर आगीत तेलच ओतलं. म्हणे, नवीन ग्राफिक्स कार्ड बसवा, चेहरे लोण्यासारखे सरकतील.

किंमत ऐकून बंदेनवाज आल्या पावली परतला. पण रोज जेवताना तो मोबाइलवर कार्डांचे व्हिडिओ बघू लागला. त्यातली पोरं त्या कार्डावर गेममधले राक्षस मारत होती. शुभेच्छुक बसवून एकानंही दाखवलं नाही! शेवटी सायराबानूनं, त्याच्या बायकोनं, ताट सरकवत विचारलं, "हे कार्ड घेतलं की फ्लेक्सला पैसे जास्त मिळणार का?"

"नाही."

"मग कशाला?"

"काम लवकर होईल."

"म्हणजे घरी लवकर याल?"

"येईन की!"

इथंच गडी फसला. कार्ड आलं, शंभर चेहरे चुटकीसरशी बसले आणि गुरुशांतला चेव आला. आता वेळ लागतोय कुटं? आणखी वीस घ्या. दादांच्या मागं किल्ला टाका. किल्ल्यावर हेलिकॉप्टर टाका. मशीन कशालाच नाही म्हणेना, त्यामुळं बंदेनवाजलाही म्हणता येईना. आठवडाभर त्याला लेक झोपलेलीच दिसली. एका सकाळी तिनं विचारलं, "अब्बा, तुमचं मशीन आता कधीच हँग होणार नाही?" विचारताना पोरीचा आवाज अगदी केविलवाणा झाला.

त्याच संध्याकाळी तिच्या शाळेचं गॅदरिंग होतं आणि तिचं नाटक होतं. निघायच्या वेळेलाच गुरुशांत उगवला. "हेलिकॉप्टरच्या खिडकीत बी चार चेहरे बसवा." बंदेनवाजनं टेबलाखाली पाय सरकवला आणि अंगठ्यानं मशीनचं बटण बंद केलं.

"हँग झालं," तो म्हणाला. खोटं बोलायची सवय नव्हती, कान लाल झाले.

"इतकं महागाचं कार्ड घालून बी?" गुरुशांत खवळला.

"कार्ड एक नंबर हाय, साहेब. दादांचा जनसंपर्कच त्याला झेपंना."

 गुरुशांतची छाती हळूहळू फुगली आणि त्यानं फोन लावला. "दादा, नवीन कार्ड घातलं, तरी आपल्या माणसांनी मशीन बंद पाडलं!" पलीकडून दादा इतक्या खुशीत हसले, की बाहेर चहावाल्यालाही ऐकू गेलं. त्या गडबडीत बंदेनवाज निसटला आणि नाटकाला पहिल्या रांगेत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो न उघडतो तोच विरोधी गटाचा सिद्धाप्पा तणतणत आत आला.

"दादांच्या माणसांनी मशीन बंद पाडलं म्हणं, आन् आमच्या भाऊंचा फ्लेक्स परवा अर्ध्या तासात दिला तुमी. मशीन जरा बी अडलं न्हाय. का? भाऊंना मानणारी माणसं कमी हायत व्हय? आमच्या फ्लेक्सला बी हँग व्हायला पायजे म्हंजे पायजे!"

बंदेनवाजनं त्याला खुर्ची दिली, पंखा लावला.

"करू की, साहेब. रोज साडेपाचला जमंल?"